हर्ब डिपिंग ऑइल

ऑलिव्ह तेलात वाळवलेली ऑरेगॅनो, बेसिल यांसारखी पाने, लसूण, मीठ आणि मिरची घालून, गॅस न पेटवता केलेले पावाचे तोंडीलावणे. तेल-पावाची जोडी इटलीत जुनीच. तोस्काना प्रांतात भाजलेल्या पावावर लसूण चोळून वर तेल ओततात, त्याला फेत्तुन्ता म्हणतात. जेवणाआधी बशीत मसालेदार तेल आणि शेजारी पाव ठेवण्याची पद्धत मात्र मुख्यतः अमेरिकेतल्या इटालियन रेस्तराँनी रुळवली.

चार जणांना १२० मिली एक्स्ट्रा व्हर्जिन तेल पुरते. त्याला ऑरेगॅनो आणि बेसिल प्रत्येकी १ छोटा चमचा, रोझमेरी अर्धा चमचा, चिली फ्लेक्स, मिरपूड आणि बारीक मीठ प्रत्येकी पाव चमचा, लसणाची १ लहान पाकळी आणि लिंबाचा रस १ चमचा.

तेलात मीठ विरघळत नाही आणि वाळकी पाने फुलत नाहीत. दोन्हींना पाणी लागते. सगळे एकदम तेलात टाकले तर मीठ तळाशी बसते, पाने दातांखाली गवतासारखी लागतात. म्हणून तेल सर्वांत शेवटी. लसणाचा हिरवा कोंब काढावा, तो उग्र लागतो. पाकळी मिठाबरोबर खलबत्त्यात वाटून लगदा करावा. पाने तळहातांवर चोळावीत. रोझमेरीच्या काड्या मात्र चोळून मोडत नाहीत, त्या कुटाव्याच लागतात. हे सारे लिंबाच्या रसात कालवून ५ मिनिटे ठेवले की पाने मऊ पडतात आणि रस हिरवट होतो. मग तेल ओतून, ढवळून २०-३० मिनिटे मुरू द्यावे. वाढण्यापूर्वी पुन्हा ढवळावे, कारण रस खाली बसतो. पार्मेझान चीज घालायचे तर ताजे किसून, अगदी पानावर बसताना. आधी घातले तर त्याच्या गुठळ्या होतात.

शिजवायचे काहीच नसल्याने तेलाचा दोष लपत नाही. चांगल्या तेलाला हिरव्या गवताचा वास असतो आणि ते घशात किंचित झोंबते; हे झोंबणे त्यातल्या ओलिओकॅन्थल या नैसर्गिक घटकामुळे असते, तो बिघाड नव्हे. खवट वास आला तर कितीही पाने घातली तरी उपयोग नाही. बाल्सामिक व्हिनेगर आवडत असेल तर लिंबू वगळून पाने चमचाभर पाण्यात भिजवावीत आणि व्हिनेगर वाढताना बशीत थेंबाथेंबाने सोडावे; ढवळल्यास सगळे तेल तपकिरी होते.

साठवण्यात धोका आहे आणि तो वासाने किंवा चवीने कळत नाही. लसणाला चिकटून आलेल्या मातीत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आम्लही कमी. अशा जागी ते वाढून बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष तयार करतात. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या लसणामुळेच अनेकांना ही बाधा झाली होती. चमचाभर लिंबाच्या रसावर येथे विसंबू नये. ताज्या लसणाचे तेल दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. उरलेले लगेच फ्रीजमध्ये ४ अंश सेल्सिअसला ठेवून चार दिवसांत संपवावे. फ्रीजमध्ये ते गढूळ होते, घट्टही होते, पण बाहेर काढल्यावर थोड्या वेळात पूर्ववत होते. जास्त दिवसांची सोय हवी असल्यास वाळकी पाने, लसूण पावडर, मीठ आणि मिरची यांचे कोरडे मिश्रण बरणीत भरून ठेवावे आणि लागेल तेव्हाच भिजवून तेल ओतावे.

पाव जाड सालीचा, आत जाळीदार असावा, चाबाता हा इटालियन पाव उत्तम. मऊ स्लाइस ब्रेड तेल शोषून लगेच गळून पडतो.