ज्याओझच्या पारीत भरलेली भाषा

चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री ताटातले पदार्थ नुसते खायचे नसतात, कानानेही ऐकायचे असतात. मासा म्हणजे ‘यू’, आणि ‘यू’ म्हणजेच शिल्लक, उरून पुरणारं. म्हणून मासा हवाच, आणि अनेक घरांत तो मुद्दाम थोडा उरवतात. चिकट तांदळाच्या पिठाची वडी ती ‘न्यानगाओ’. अक्षरं बदलून लिहिली की त्याच उच्चाराचा अर्थ ‘वर्षागणिक उंच’ असा होतो. ‘थांगयुएन’ हे गोड पाण्यातले पिठाचे गोळे. त्यांच्या नावात ‘थुआनयुएन’ म्हणजे कुटुंबाचं एकत्र येणं ऐकू येतं. मँडरिन या प्रमाण चिनी भाषेत सूर, म्हणजे अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, वगळले तर उच्चार जेमतेम चारशे, त्यामुळे एका उच्चारात अनेक अर्थ राहतात. लहान मुलाला ही गोष्ट पहिल्यांदा कळते ती बहुधा याच जेवणात.

बालवाडीत सणाचे पदार्थ करवून घेत भाषा शिकवण्याची पद्धत आज चीनमध्ये सर्रास दिसते. पण बालवाडी येण्याच्या कितीतरी आधीपासून हा वर्ग स्वयंपाकघरात भरत होता. उत्तर चीनमध्ये ज्याओझ, म्हणजे पारीत सारण भरून उकडलेले कणकेचे घास, करायला सगळं घर एकत्र बसतं. कणीक मळायची (रोउ), पारी लाटायची (गान), सारण भरून मिटायची (बाओ), कडा चिमटीने दाबायच्या (न्ये). प्रत्येक हालचालीला वेगळं क्रियापद, आणि ते हाताच्या कामाबरोबरच कानावर पडतं. सारण बाहेर आलं की ‘लोउ श्येन’ म्हणतात. गुपित फुटलं तरी हाच शब्द. पण नववर्षाला उकळत्या पाण्यात एखादा ज्याओझ फुटलाच, तर ‘फुटला’ म्हणायचं नाही, ‘झंग’ म्हणायचं, ज्याचा एक अर्थ कमावणं. बांगडी आणि नारळ ‘वाढवणाऱ्या’ मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कुठला शब्द कधी टाळायचा हेही भाषेचंच शिक्षण आहे, आणि ते पुस्तकातून येत नाही.

दिवसांचा क्रमसुद्धा खाण्यातून येतो. बाराव्या चांद्रमासाच्या अष्टमीला ‘लाबा’ची पेज होते: धान्यं, डाळी, सुका मेवा. बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीचा दिवस म्हणून मंदिरांत ती वाटतात, आणि तिच्यामागे सुजातेच्या खिरीची कथा सांगतात. उत्तरेतलं एक बडबडगीत या पेजेपासून सुरू होऊन नववर्षापर्यंत तारखा मोजतं: तेविसाव्याला चिकट साखर, मग घराची झाडलोट, मग टोफू, मांस, फुगवलेलं पीठ. आकडे, क्रम आणि यमक एका दमात पाठ होतात.

शाळेला मात्र हे सुचायला वेळ लागला. चीनची पहिली सरकारी बालवाडी १९०३ मध्ये वूचांगला निघाली ती जपानी शिक्षिकांच्या हाताखाली, आणि १९०४ च्या नियमावलीवरही जपानी छाप होती. दुसरीकडे मिशनऱ्यांच्या बालवाड्या होत्या. १९२६ मध्ये शिक्षणतज्ज्ञ ताओ शिंगझ यांनी यावर तळमळून लिहिलं: पियानो परदेशी, गाणी परदेशी, गोष्टी परदेशी, खेळणी परदेशी, इतकंच काय, मुलांना मिळणारा खाऊसुद्धा परदेशी. या यादीचा शेवट खाऊवर व्हावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी नानजिंगजवळ यानझची इथे खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली.

त्याआधी १९२३ मध्ये चेन हचिन यांनी नानजिंगमध्ये स्वतःच्या घरातच गुलोउ बालवाडी सुरू केली होती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस आपल्या पहिल्या मुलाची जन्मापासून ८०८ दिवस नोंद ठेवत होता. निसर्ग आणि समाज हेच जिवंत पाठ्यपुस्तक, असं त्यांचं म्हणणं. गाणं, गोष्ट, हस्तकाम असे तुकडे न पाडता एका विषयाभोवती सगळं गुंफायचं, हा त्यांचा आग्रह होता. सण अशा गुंफणीत आपसूक बसतो. या प्रयोगांचा ठसा देशाच्या अभ्यासक्रमावर उमटला. १९३२ च्या बालवाडी मानकांत सात विभाग होते: संगीत, गोष्टी व बालगीतं, खेळ, समाज व निसर्ग, काम, विश्रांती आणि खाणं. खाणं हा अभ्यासक्रमाचाच एक विभाग! इतकी शहाणी सरकारी यादी क्वचितच सापडते.

१९५० च्या दशकात सोव्हिएत नमुना आला आणि भाषा हा वेगळा, शिक्षिकेने क्रमाने शिकवायचा विषय झाला. चेन यांच्या विचारांवर टीकेची झोड उठली. माओने १९६६ मध्ये जुन्या परंपरांविरुद्ध सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीत तर सणच संशयास्पद ठरले. १९६७ मध्ये नववर्षाची सुट्टी रद्द झाली. १९८० च्या दशकात नानजिंगमध्येच झाओ जीश यांनी विषय एकत्र गुंफण्याचे प्रयोग पुन्हा हाती घेतले. २००१ च्या मार्गदर्शिकेने मुलाला बोलावंसं वाटेल, बोलायचं धाडस होईल, बोलायला संधी मिळेल असं वातावरण मागितलं. २०१८ मध्ये बालवाडीत पिनयिन (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत) आणि अक्षरओळख आधीच शिकवण्यावर बंदी आली. वही मिटल्यावर हातात कणीक येणं ओघानेच आलं.

सणांना राष्ट्रीय वजन मिळालं ते वेगळ्या कारणाने. २००५ मध्ये दक्षिण कोरियाच्या गांगनुंग दानोजे उत्सवाला युनेस्कोची मान्यता मिळाली आणि चीनमध्ये ‘आपला दुआनवू त्यांचा झाला’ अशी चुटपुट लागली, कारण दोन्ही सण पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीचेच. २००८ पासून छिंगमिंग (पूर्वजांच्या थडग्यांवर जाण्याचा सण), दुआनवू आणि मध्यशरद या सणांना सार्वजनिक सुट्टी मिळाली. २००९ मध्ये दुआनवूही युनेस्कोच्या यादीत आला. दुआनवूला बांबूच्या पानात चिकट तांदूळ बांधून केलेला झोंगझ आणि नदीत जीव देणाऱ्या प्राचीन कवी छू युआनची कथा बालवाडीत एकत्र पोहोचली.

पण बालवाडीतली भाषा पुथोंगह्वा, म्हणजे प्रमाण मँडरिन. आजीची भाषा अनेकदा दुसरीच असते. दक्षिण चीनमधली कँटनीज बोलणाऱ्या घरात नववर्षाला सुकवलेले कालव लागतात, कारण त्यांचं ‘हो सी’ हे नाव ‘चांगला बाजार’ या शब्दांशी जुळतं. मँडरिनमध्ये उच्चार वेगळे, त्यामुळे श्लेष उरत नाही. फुजियान आणि तैवानमधून बोलल्या जाणाऱ्या होक्कियनमध्ये अननस म्हणजे ‘ओंग लाइ’, आणि तेच ‘भरभराट येवो’. सिंगापूरमध्ये नववर्षाला अननसाचा गोड मुरंबा भरलेली टार्ट घरोघरी असते. १९७९ मध्ये तिथे ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू झाली. रेडिओ-टीव्हीवरून होक्कियन, कँटनीज हळूहळू गेल्या. मँडरिन शिकणारं तिथलं मूल अननसाला ‘ह्वांगली’ म्हणतं. टार्ट ते आवडीने खातं, पण तिच्यातला आशीर्वाद त्याला ऐकू येत नाही; तो आजीने तिच्या भाषेत म्हणून दाखवावा लागतो.