गणित बरोबर सुटलं, पण वायू तसाच पसरतो का? एलएनजी मॉडेलचं व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मेथडिंग (साच्यात धातू कसा ओतायचा याची आखणी) करणाऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. धातू साच्यात कसा भरेल, कुठे शेवटी गोठेल, हे कास्टिंग सिम्युलेशन रंगीत चित्रात दाखवतं. तरी ट्रायल कास्टिंग ओतून, कापून, श्रिंकेज (धातू गोठताना आकसून पडणारी पोकळी) खरंच त्या जागी आलंय का हे बघितल्याशिवाय कुणी मोठी ऑर्डर सुरू करत नाही. सॉफ्टवेअरने समीकरणं नीट सोडवली का, हे तपासणं म्हणजे व्हेरिफिकेशन. समीकरणं सांगतात तसं प्रत्यक्षात घडतं का, हे तपासणं म्हणजे व्हॅलिडेशन.

एलएनजीच्या, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूच्या, धोक्याचे अहवाल वाचताना मात्र या दोन्ही गोष्टी 'सॉफ्टवेअर प्रमाणित आहे' एवढ्या एका वाक्यात उरकलेल्या दिसतात. हे मला गंभीर वाटतं, कारण इथे ट्रायल ओतून बघायची सोय नाही. वस्तीशेजारी शेकडो टन एलएनजी सांडून कुणी पाहणार नाही. नकाशावर काढलेली सुरक्षित अंतराची रेषा सगळी मॉडेलच्या भरवशावर असते.

सह्याद्रीपलीकडे दाभोळला एलएनजी टर्मिनल आहे आणि दाभोळ-बेंगळुरू पाइपलाइन आपल्या जिल्ह्यातून जाते. (पाइपलाइनमध्ये द्रव नसतो, पुन्हा वायू केलेला असतो. तिचा धोका वेगळा, त्याची मॉडेलंही वेगळी. इथे बोलतोय ते टर्मिनलमधल्या द्रवाबद्दल.) हा द्रव उणे १६२ अंश सेल्सिअसला असतो आणि वायू होताना त्याचं आकारमान सुमारे ६०० पट होतं. मिथेन एरवी हवेपेक्षा हलका. पण सांडलेल्या एलएनजीतून नुकतीच निघालेली वाफ इतकी थंड असते की ती हवेपेक्षा दीडपट जड भरते आणि जमिनीलगत सरकत जाते. हवेत मिसळून तिचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर ठिणगीने पेट घेते. हा ढग किती लांब जाईल, एवढंच मॉडेलला विचारायचं असतं.

व्हेरिफिकेशनचं काम टेबलावर होतं. ज्याचं उत्तर कागदावर काढता येतं असं सोपं उदाहरण देऊन बघायचं. जितका वायू आत सोडला तितकाच हिशेबात शिल्लक आहे का, ते बघायचं. सीएफडी (जागेचे जाळीसारखे छोटे तुकडे पाडून प्रवाहाचं गणित सोडवणारं मॉडेल) असेल तर जाळी बारीक करत जायचं आणि उत्तर एका जागी स्थिरावतंय का ते पाहायचं. कष्टाचं काम आहे, पण त्याला खऱ्या वायूची गरज लागत नाही.

व्हॅलिडेशनला ती लागते. म्हणून १९८० साली कॅलिफोर्नियातल्या चायना लेक इथे 'बरो' प्रयोग झाले. पाण्याच्या तळ्यावर एलएनजी सोडून वाऱ्याच्या दिशेने संवेदक उभे केले होते. त्याच वर्षी इंग्लंडच्या किनाऱ्यावर मॅप्लिन सँड्सचे प्रयोग झाले, पुढच्या वर्षी 'कोयोटी', आणि १९८७ साली नेवाडात कुंपण घातलेल्या जागेत 'फाल्कन'. आजही मॉडेल याच मोजमापांशी ताडून बघतात. 'बरो'च्या आठव्या प्रयोगात वारा मंद होता. ढग लांबट पट्ट्यासारखा न वाहता स्वतःच्या वजनाने आडवा पसरला आणि दुभंगला. वाऱ्याने ढग वाहून नेला असं गृहीत धरणारं मॉडेल इथे चुकतं, त्याच्या कोडमध्ये एकही दोष नसला तरी.

उलटंही होतं, आणि ते जास्त फसवं असतं. कोडमधली चूक आणि भौतिकीतली चूक एकमेकींना खोडतात, आणि उत्तर मोजमापाशी जुळतं. जुळलं म्हणून व्हेरिफिकेशन टाळलं, तर दुसऱ्या परिस्थितीत तेच मॉडेल दगा देतं. म्हणूनच २००७ साली ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी लॅबोरेटरीने एलएनजी वाफेच्या मॉडेलांसाठी जी मूल्यमापन पद्धत आखली, तिच्यात शास्त्रीय परीक्षण, व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन असे तीन स्वतंत्र टप्पे ठेवले.

त्यातली जुळण्याची अट नवख्याला सैल वाटेल. मॉडेलची निदान निम्मी उत्तरं मोजमापाच्या अर्धपट ते दुप्पट या पट्ट्यात यावीत, अशी ती आहे. (मॉडेल सरासरीने जास्त सांगतं की कमी, याबद्दलच्या अटी त्याशिवाय.) मोकळ्या हवेतला ढग क्षणाक्षणाला बदलतो, त्याच्याकडून याहून काटेकोर जुळणी मागणं अवास्तव आहे. अमेरिकी नियमांत सुरक्षित अंतर वायूचं प्रमाण ५ टक्क्यांवर येईपर्यंत न मोजता अडीच टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात, ते याच अनिश्चिततेला जागा ठेवून.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते व्हॅलिडेशनच्या हद्दीकडे. वाळवंटातल्या सपाट जागेवर मॉडेल खरं ठरलं, म्हणून कोकणातल्या डोंगरउतारावर, खाडीकाठी, पावसाळी दमट हवेत ते तितकंच खरं ठरेल असं नाही. डेगाडिससारखं इंटिग्रल मॉडेल (जाळी न आखता ढगाचा एकत्रित हिशेब करणारं) सपाट जमीन धरून चालतं, त्याला टाकी, भिंत, टेकडी दिसत नाही. सीएफडीला दिसते, पण अडथळ्यांभोवतीच्या प्रवाहाची वेगळी मोजमापं हाताशी हवीत. आणि वाफ पसरण्यासाठी तपासलेलं मॉडेल आगीच्या उष्णतेसाठी तपासलेलं नसतं.

आवृत्तीचंही तसंच. अमेरिकेच्या पाइपलाइन सुरक्षा विभागाने २०११ साली फास्ट या सॉफ्टवेअरला मान्यता दिली ती ६.६ आणि ६.७ या आवृत्त्यांना, आणि फ्लॅक्स या सीएफडी सॉफ्टवेअरला दिली ती ९.१च्या दुसऱ्या रिलीजला. नुसत्या नावाला मान्यता नव्हती. अहवालात सॉफ्टवेअरचं नाव असेल आणि आवृत्ती, वापरलेली जाळी, ताडून बघितलेले प्रयोग यांपैकी काहीच नसेल, तर तो अहवाल सही न करता परत पाठवावा आणि या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्यात.