माणसाचं वेगळेपण कुठून येतं?

निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांना रेशन दुकानात पुष्कळदा एक अडचण येते. मशीनवर अंगठा ठेवला तरी ओळख पटत नाही. 'थंब उठंना झालाय' म्हणत त्या पदराला अंगठा पुसतात आणि परत टेकवतात. वर्षानुवर्षं पानं कातरून, त्यात तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बोटांची वरची कातडी इतकी घासली जाते की तिच्यावरचे उंचवटे सपाट होतात. खानापूर भागात मातीत राबणारे कुंभार, वीटभट्टीवरचे मजूर, ऊसतोडीला जाणारी माणसं, यांच्या हातांचंही तेच होतं. आपली ओळख म्हणून सरकार जी खूण मागतं, ती कष्टानं पुसट होते.

पण त्या बाईचा ठसा नाहीसा झालेला नसतो. रेषांचा मूळ साचा वरच्या कातडीच्या खाली, बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा जिथं एकमेकींना भिडतात तिथं असतो. हाताला काही आठवडे विश्रांती मिळाली की नवी कातडी त्याच साच्यावर चढते आणि तोच ठसा परत उमटतो. खोल जखम झाली किंवा खोलवर भाजलं तरच त्यात कायमचा बदल होतो. त्यामुळे 'तुमचा अंगठा चालत नाही' असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नये. त्या क्षणी तो ठसा यंत्राला वाचता आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आधारची नोंदणी करताना दहा बोटांबरोबर दोन्ही बुबुळांची प्रतिमाही घेतात. एकाच खुणेवर सगळा भार टाकणं धोक्याचं असतं.

आमच्याकडे घरातली म्हातारी माणसं बाळाची बोटं उलगडून शंख किती, चक्रं किती ते मोजतात. जगभरात सर्वांत जास्त आढळतात ते शंख (वळून आल्या बाजूलाच परतणाऱ्या रेषा), त्याखालोखाल चक्रं (गोल वलयं), आणि कमानी सगळ्यांत कमी. म्हणजे शंख-चक्र पाहून माणूस ओळखता येणार नाही. ते कोट्यवधींच्या बोटांवर असतात. ओळख पटते ती त्याहून बारीक खुणांवरून. भिंग घेऊन स्वतःचा अंगठा उजेडात धरा. एखादी रेषा चालता चालता मधेच संपलेली दिसेल, एखादीला दोन फाटे फुटलेले असतील, कुठं दोन रेषांच्या मधे एवढासा ठिपका अडकलेला असेल. या खुणा कुठं आहेत आणि एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, ही मांडणी दोन माणसांत जुळलेली आढळत नाही. फ्रान्सिस गाल्टनने 1892 मध्ये याचं शास्त्र पुस्तकरूपात मांडलं. पण त्याआधी 1858 मध्ये, बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला होता. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. त्यामागच्या वर्गीकरणाची किचकट कामगिरी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी पार पाडली, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं झालं. या दोघांची आठवण शाळेच्या पुस्तकांतून व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

हे ठसे घडतात आईच्या पोटात. गर्भ अडीच-तीन महिन्यांचा असताना बोटांच्या पेरांवर उंचवटे उमटू लागतात आणि चार महिने पूर्ण होता होता नक्षी पक्की होते. 2023 मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी या घडणीचा उलगडा केला. रेषा तीन जागांहून सुरू होतात: बोटाच्या मध्यावरची फुगीर गादी, नखाखालचं टोक आणि पेराची घडी. विहिरीत तीन ठिकाणी खडे टाकल्यावर तरंग पसरत एकमेकांना भेटावेत तशा या रेषांच्या लाटा सरकतात, आणि त्या जिथं भिडतात तिथं शंख, चक्र किंवा कमान तयार होते. त्वचेतली काही रसायनं उंचवट्याला चालना देतात, काही त्याला अडवतात. दोघांच्या ओढाताणीतून पट्टे उमटतात. ही कल्पना गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने 1952 मध्येच मांडली होती, तेव्हा ती केवळ कागदावर होती.

आता एकाच बीजातून झालेली जुळी भावंडं घ्या. त्यांची जनुकं जवळपास सारखी, पोट एकच, तरीही दोघांचे ठसे वेगळे. गादी किती फुगीर आहे, बोट किती झपाट्यानं वाढतंय, लाट कुठल्या बाजूनं आधी निघाली, यात केसाएवढा फरक पडला तरी पुढं फाटे वेगळ्या जागी फुटतात. ठशाचा ढोबळ प्रकार बऱ्याच अंशी जनुकांवर ठरतो, बारीक तपशील ठरतो घडण्याच्या ओघात. माझ्या मते माणसाच्या वेगळेपणाचं मर्म इथंच आहे: वेगळेपणाची वेगळी अशी आज्ञा कुठंही लिहिलेली नसते, वाढ होतानाच ते तयार होत जातं.

जनुकांच्या बाजूनं पाहिलं तरी विविधता कमी नाही. आईवडिलांपैकी प्रत्येकाकडे गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतलं एकच बाळाकडे येतं. त्यामुळे एका पालकाकडून 83,88,608 प्रकारचे संच येऊ शकतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा आकडा ऐकत वाढलेल्यांना हा योगायोग गमतीचा वाटेल. दोघा पालकांचे मिळून सुमारे 70 लाख कोटी संच होतात, आणि जोडीतली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात ते यात धरलेलंच नाही. शिवाय प्रत्येक बाळात आईबापांत नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात, आणि बापाचं वय जास्त तसे ते वाढतात. एका बीजाच्या जुळ्यांतही काही बदल एकाकडे असतात, दुसऱ्याकडे नसतात. आइसलँडच्या 2021 च्या अभ्यासात गर्भाच्या अगदी सुरुवातीला झालेले असे बदल दर जोडीत सरासरी 5 च्या आसपास निघाले.

तरीही मला सर्वांत भावतो तो 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला जर्मनीतला प्रयोग. जनुकांनी तंतोतंत सारख्या 40 माद्या उंदरांना एका मोठ्या, अनेक मजल्यांच्या पिंजऱ्यात तीन महिने एकत्र ठेवलं. खाणं तेच, वय तेच, जागा तीच. प्रत्येकीच्या अंगात बारीक चिप बसवून ती कुठं कुठं जाते याची नोंद ठेवली. सुरुवातीला सगळ्यांचं वागणं बरंचसं सारखं होतं. दिवस गेले तसा त्यांच्यातला फरक वाढत गेला. काही साऱ्या पिंजऱ्यात हिंडायच्या, काही ठरावीक कोपरा सोडायच्या नाहीत. शेवटी मेंदू तपासले तेव्हा जास्त हिंडणाऱ्यांच्या स्मरणाशी संबंधित भागात नव्या चेतापेशी जास्त झालेल्या आढळल्या. घर एक असलं तरी प्रत्येकीनं त्यातून स्वतःचं वेगळं आयुष्य काढलं होतं. 'एकाच घरात वाढले, मग हा असा आणि तो तसा कसा?' असं आईबाप वैतागून विचारतात, त्यांना हा प्रयोग सांगावासा वाटतो. घर भिंतींनी एक असतं. मूल त्यात कुठं रमतं, ते प्रत्येकाचं निराळं.

वेगळा म्हणजे इतरांपेक्षा वरचढ, असं मात्र यातून निघत नाही. उंची, वजन, स्मरणशक्ती, कुठलंही एकच माप घेतलं तर बहुतेक माणसं मधल्या घोळक्यात सापडतात. गंमत होते ती अनेक मापं एकदम घेतल्यावर. बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, म्हणून हवाई दलाचाच दाखला देतो. 1950 च्या सुमारास अमेरिकेच्या हवाई दलाने 4,063 वैमानिकांची अंगमापं घेतली. विमानातली बैठक 'सरासरी' माणसाच्या मापाची होती आणि अपघात वाढले होते. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने छाती, हाताची लांबी अशी 10 मापं निवडली आणि दहाही मापांत मधल्या गटात बसणारे किती ते मोजलं. एकही निघाला नाही. त्यानंतर पुढंमागं सरकणाऱ्या, ज्याच्या त्याच्या अंगाला जुळवता येणाऱ्या बैठकी आल्या. सरासरी माणूस कागदावर असतो, खुर्चीत कधी बसत नाही. आपल्या शाळांमधले बाक आणि वर्गात सगळ्यांना एकाच वेगानं शिकवण्याची रीत पाहिली की हा धडा अजून आपल्यापर्यंत पोचायचाय असं वाटतं.

सीमाभागात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. 1972 मध्ये रिचर्ड लेवोंटिन या जीवशास्त्रज्ञाने जगातल्या वेगवेगळ्या लोकसमूहांची रक्तगट आणि प्रथिनांची माहिती तपासली. माणसामाणसांतली सुमारे 85 टक्के जनुकीय विविधता त्याला एकेका समूहाच्या आतच सापडली. 2002 च्या मोठ्या अभ्यासात हा वाटा 93 ते 95 टक्के निघाला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून आमच्याकडे 'आपला' आणि 'त्यांचा' हे शब्द रोज कानावर पडतात. मराठीसाठीची तळमळ माझ्यातही आहे आणि ती खरी आहे. पण ती रक्तातून येत नाही, कानातून येते.

कानाचं हे काम पाळण्यातच सुरू होतं. 1984 मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना. हिंदी घरातल्या बाळांनी तो टिकवला. बेळगाव, चिकोडी, अथणीच्या गल्ल्यांतून हे रोज घडतं. कन्नडमधल्या 'बेळे'तला पहिला ए आखूड उच्चारला तर पीक, लांबवला तर डाळ. मराठीत ए आखूड-लांब केल्यानं शब्दाचा अर्थ बदलत नाही. उलट मराठीतल्या 'चाक'चा च आणि 'चार'चा च वेगळे, हे मराठी बाळाला कुणी शिकवावं लागत नाही. कन्नडमध्ये अशी जोडी नाही. जनुकं तीच असलेल्या दोन जुळ्यांपैकी एक मराठी घरात राहिला आणि एक तान्हेपणीच कन्नड आजोळी वाढला, तर पहिल्या वाढदिवसाच्या आतच दोघांचे कान वेगवेगळ्या आवाजांकडे वळलेले असतील, आणि त्यामागं जनुकाचं एकही अक्षर बदललेलं नसेल.