लॉन्ग्स पीक: कॅझम लेकचा ट्रेक वेगळा, कीहोल रूट वेगळा

उन्हाळा आला की कोलोरॅडोतल्या आपल्या मंडळींचं सुरू, "लॉन्ग्स पीक डोंगराचा हाइक वीकेंडला होईल का?" अरे पण कुठला? तिथे दोन वेगळी प्रकरणं आहेत, पार्किंग एकच, पहिले तीनेक मैल वाटही एकच, म्हणून हा घोळ.

कॅझम लेक म्हणजे सरळ ट्रेक. जाऊन-येऊन साधारण साडेआठ मैल, शेवटी थोडे धोंडे चढायचे, समोर तळ्याच्या वर डायमंड नावाची सरळसोट भिंत, क्लाइंबर लोक दोर लावून चढतात ती. सह्याद्रीत फिरलेल्याला नवं काही नाही, फक्त पार्किंगच 9,400 फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चार हजार फूट वर, त्यामुळे धाप लागणार.

कीहोल रूट जातो 14,259 फुटांच्या माथ्यावर आणि लोक फसतात ते इथे. "दोर लागत नाही ना, मग हाइकच की" हे लॉजिक आधी डोक्यातून काढा. दोर लागत नाही म्हणजे हाता-पायाला पकड मिळते एवढंच, सटकलात तर कुठे थांबाल याचा त्याच्याशी काही संबंध नाही. बोल्डर फील्ड, म्हणजे मोठाल्या धोंड्यांचा पट्टा, पार करून कीहोलच्या खिंडीपर्यंत दमवणारा ट्रेकच आहे, पण खिंडीतून पलीकडे गेलं की पायवाट संपली, कातळावर रंगवलेले लाल-पिवळे गोल शोधत जायचं. आधी लेजेस, म्हणजे कड्यातल्या अरुंद कपारींवरून आडवं जायचं, मग ट्रफ, सुट्या दगडांची लांबलचक घळ (वरच्याने दगड पाडला की खालच्याने कुठे जायचं?), मग नॅरोज, एकीकडे भिंत अन् दुसरीकडे हवा, शेवटी होमस्ट्रेचचे गुळगुळीत कलते कातळ. हरिहर गड केलाय हे सांगू नका, तिथे खोबण्या कोरलेल्या पायऱ्या आहेत. नकाशावर हे सगळं मैल-सव्वा मैल दिसतं, आणि उतरायचंही तिथूनच, दमलेल्या पायांनी. हा डोंगर ज्यात येतो त्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कवाले स्वतः बजावतात की हा हाइक नाही, तरी लोक जीन्स घालून सकाळी आठला निघतात! दुपारी विजा कडाडतात हो, पहाटे तीनला चालायला लागा.

जूनमध्ये ट्रफमध्ये बर्फ असतो, आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) वापरता येत नसेल तर गुपचूप कॅझम लेकला जा. फोटोही तिथूनच भारी येतो, माथ्यावर गेलात तर डायमंड तुमच्या पायाखाली.