‘टेन्शन घेऊ नकोस, धडधड थांबेल’ : एट्रियल फिब्रिलेशनबद्दलचा चिवट गैरसमज

एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे झटके वारंवार येणाऱ्या माणसाला हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. त्यात सगळा दोष त्याच्या स्वभावावर जातो. हे अन्यायाचं आहे आणि चुकीचंही.

हा विकार हृदयाच्या विद्युत यंत्रणेतला आहे. वरच्या कप्प्यांत मिनिटाला 300 ते 600 विस्कळीत संदेश उठतात आणि ते कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. 1998 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की अशा झटक्यांची सुरुवात बहुतेकदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमध्ये होते. अब्लेशन या हृदयावरच्या उपचारात तोच भाग हृदयापासून विद्युतदृष्ट्या वेगळा केला जातो.

चिंता झटक्याला निमित्त ठरू शकते, हे खरं. पण झटकाही भीती निर्माण करतो, आणि पुढच्या झटक्याची धास्ती झोप उडवते. त्यावर समुपदेशन, संथ श्वसन यांचा उपयोग होतो. ते जरूर करावं. हृदयाच्या औषधांसोबत, त्यांच्याऐवजी नव्हे.

सगळ्यात धोकादायक समज वेगळाच: ‘बरं वाटतंय, मग रक्त पातळ करणारी गोळी कशाला?’ थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून मोजतात, धडधड जाणवण्यावरून नाही. काही झटके तर कळतही नाहीत. म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच रुग्णालय गाठा.