माउंटन बाइकवरील उडी

माउंटन बाइकवरील उडी : मातीच्या किंवा लाकडी चढावरून वेगात येऊन सायकलसह हवेत झेपावणे आणि पलीकडच्या उतारावर तोल न जाऊ देता उतरणे. चढाच्या वरच्या कडेला लिप आणि पलीकडे उतरण्याच्या जागेला लँडिंग म्हणतात. लिप आणि लँडिंग यांच्यामधला भाग भरून सपाट केलेला असेल तर तो टेबलटॉप, मोकळा सोडला असेल तर गॅप. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद फार मोठा आहे. टेबलटॉपवर उडी अपुरी पडली तर चाके माथ्यावर आपटतात, गॅपमध्ये अपुरी पडली तर पुढचे चाक समोरच्या मातीत रुततं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो.

हे कौशल्य माउंटन बाइकिंगकडे मुख्यतः बीएमएक्स या लहान सायकलींच्या मातीवरील शर्यतींच्या खेळातून आले. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले मोटोक्रॉसवाल्यांची (मातीच्या खडबडीत वाटेवर मोटरसायकलची शर्यत करणाऱ्यांची) नक्कल करत लहान चाकांच्या सायकली मातीच्या ढिगांवरून उडवू लागली. (वाळूचा ढीग दिसला की सायकल त्यावर घालायची, ही खोड आपल्याकडच्या गल्लीतल्या पोरांनाही कोणी शिकवावी लागली नाही.) कॅनडातील व्हिसलर येथे 1999 मध्ये सुरू झालेल्या बाइक पार्कने या खेळाला नवे वळण दिले. तेथील ‘ए-लाइन’ ही वाट यंत्रांनी खोदून, आकार देऊन घडवलेली असून तिच्यावर ओळीने टेबलटॉप आहेत. एकसारख्या, अंदाज बांधता येणाऱ्या उड्यांवर पुन्हा पुन्हा सराव करता येणे, हे अशा वाटांचे खरे देणे आहे. दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या युटा राज्यातील ‘रेड बुल रॅम्पेज’ ही 2001 पासूनची स्पर्धा आहे. तेथे 2013 मध्ये न्यूझीलंडच्या केली मॅकगॅरीने 72 फूट रुंद दरीवरून मागे कोलांटी घेत उडी मारली होती.

उडीचा निकाल बहुतांशी जमिनीवरच लागतो. चाके सुटल्यानंतर स्वार व सायकल यांच्या एकत्रित गुरुत्वमध्याचा मार्ग कशानेही बदलत नाही (हवेचा अल्प परिणाम सोडल्यास). ताशी 30 किमी वेगाने 30 अंशांच्या लिपवरून सुटणारा स्वार त्याच पातळीवर सुमारे 6 मी. पलीकडे उतरतो आणि हवेत एक सेकंदाहून कमी वेळ असतो. वेग ताशी 33 किमी केला, तर हेच अंतर जवळजवळ साडेसात मीटर होते. म्हणजे वेगातील दहा टक्क्यांची चूक अंतरात वीस टक्क्यांहून मोठी होते. नवख्यांचा अंदाज चुकतो तो येथेच.

लँडिंगला उतार का लागतो, तेही याच उदाहरणावरून कळते. हा स्वार सपाटीवर उतरला तर त्याला सुमारे 90 सेंमी उंचीवरून सरळ खाली पडल्याइतका धक्का बसेल. उतार नेमका त्याच्या खाली येण्याच्या कोनात असेल, तर धक्का जवळजवळ नाहीसा होतो. मोठी उडी लहान उडीपेक्षा अनेकदा मऊ वाटते ती यामुळे.

चढाच्या वळणदार भागात सायकल स्वाराला वर ढकलते. वळणाची त्रिज्या 6 मी. असेल आणि वेग वरीलप्रमाणे, तर पायांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे दुप्पट भार येतो. गुडघे त्याखाली कोसळले तर लिपची ताकद वाया जाते, आणि दबलेले सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी व्यवस्था) उलट उसळून मागचे चाक वर फेकते. म्हणून चढ सुरू होताना गुडघे व कोपर किंचित वाकवून, टाचा खाली ठेवून पेडलवर भक्कम उभे राहायचे, कंबर दोन पेडलांच्या मधोमध ठेवायची आणि लिप येईपर्यंत पायांनी जमिनीला रेटत सरळ व्हायचे. हँडल ओढायचे नाही. ओढाओढ ही सर्वांत चिवट सवय. ती क्लिपच्या पेडलांमुळे अधिकच झाकली जाते, कारण बूट पेडलला अडकलेला असला की सायकल नुसती वर उचलता येते आणि तंत्र जमल्याचा भास होतो. शिकताना साधी सपाट पेडले बरी. सपाट जमिनीवर बनी हॉप (चढाच्या मदतीशिवाय दोन्ही चाके उचलून मारलेली उडी) घोटून आलेल्याला लिपवरचा हा रेटा लवकर कळतो. त्याला नुसती वेळ साधायची असते.

लिप सुटल्यावर हँडल हलकेच पुढे ढकलून आणि गुडघे वाकवून सायकलला खाली जागा द्यायची, नजर लँडिंगवर ठेवायची, आणि सायकलचे नाक, म्हणजे पुढचे टोक, उताराच्या कोनाकडे झुकवत दोन्ही चाके एकदमच टेकवायची, किंवा पुढचे क्षणभर आधी. भीतीने अंग ताठरले तर स्वार काठीसारखा कडक होऊन हवेत एका बाजूला वाहत जातो. इंग्रजी बोलीत या अवस्थेला ‘डेड सेलर’, मेलेला खलाशी, म्हणतात. हे नाव ज्याने दिले त्याने असा स्वार जवळून पाहिला असणार. या दोषाचे मूळही हवेत नसून लिपवर रेटा न दिल्यात असते.

हवेत मागचा ब्रेक दाबला की फिरत्या चाकाचा संवेग सायकलमध्ये उतरतो आणि नाक थोडे खाली येते. मोटोक्रॉसच्या जड चाकांवर हा उपाय चांगला चालतो, सायकलवर त्याचा परिणाम तोकडाच. उतरताना पुढचा ब्रेक दाबलेला राहणे मात्र धोक्याचे.

पडल्यावर माणूस हात पुढे टाकतो. त्यामुळे मनगट आणि गळपट्टीचे हाड (कॉलरबोन) यांना इजा होण्याचे प्रमाण मोठे. पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट व गुडघ्यांचे पॅड घालण्याचा प्रघात आहे. सीट खाली घेतलेलीच हवी. उंच सीट लिपवर मांड्यांना धडकून पुढे लोटते. सस्पेन्शनची परत उसळण्याची गती जास्त ठेवली असेल तर तीही पायाखालून असाच दगा देते. केवळ उड्यांसाठी बनवलेल्या सायकलींना बहुधा मागे सस्पेन्शन नसते आणि चाके 26 इंची असतात.

डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून खाली येण्याच्या, शर्यतीतले स्वार मात्र उडी खुजी करण्यासाठीच धडपडतात. हवेत पेडल मारून वेग वाढवता येत नाही की ब्रेक लावून तो कमी करता येत नाही, तेव्हा उंच गेलेला स्वार घड्याळात मागे पडतो. ते लिपच्या आधीच छोटी उडी घेतात, किंवा लिपवर गुडघे दुमडून सायकल आडवी पाडत तिची उसळी गिळून टाकतात. या दुसऱ्या युक्तीला स्क्रब म्हणतात. ती मोटोक्रॉसमधून आली आणि तेथे अमेरिकी शर्यतपटू जेम्स स्टुअर्टच्या नावाने ओळखली जाते.