दयेचा अर्ज: 30 दिवस कुठून मोजायचे आणि कोणता कागद आधी शोधायचा

ठाण्याच्या सत्र न्यायालयात फाशी सुनावली गेली की घरची माणसं त्याच आठवड्यात राष्ट्रपतींना पत्र धाडतात. ती वेळ अजून आलेली नसते. ही शिक्षा आधी उच्च न्यायालयानं कायम करावी लागते, मग सर्वोच्च न्यायालयातलं अपील, फेरविचार. दयेचा अर्ज त्यानंतर.

सगळ्यात जास्त घोटाळा मुदतीचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 472 प्रमाणे मुदत 30 दिवसांची आहे. सर्वोच्च न्यायालयानं अपील किंवा फेरविचार फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षक कैद्याला ज्या दिवशी कळवतात, तिथून ती सुरू होते. घरच्यांना कळलं त्या दिवसापासून नाही! कैदी येरवड्यात, घर कळव्यात. पुढच्या मुलाखतीला कोणी जाईपर्यंत पंधरा दिवस निघून गेलेले असतात. म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न हाच: साहेबांनी कुठल्या तारखेला सांगितलं? ती लिहून घ्या. लोक ज्या 60 दिवसांच्या भरवशावर बसतात, ते दुसऱ्या टप्प्याचे. राज्यपालांनी (राज्यघटनेचा अनुच्छेद 161) नकार दिल्यावर राष्ट्रपतींकडे (अनुच्छेद 72) जायला ते मिळतात.

अर्ज स्वतः कैदी, त्याचा कायदेशीर वारस किंवा नातेवाईक करू शकतो. मंडळ, संस्था, शेजारी यांचं नाव कलमात नाही.

आता कागद. निकालपत्रांच्या प्रती तुरुंगानं कैद्याला द्यायच्या असतात, त्यासाठी कोर्ट नाक्यावर खेटे घालू नका. खरा अडतो तो शाळेचा दाखला, कारण गुन्ह्याच्या वेळचं वय त्यावरून ठरतं. एक बाई माझ्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, वीजबिल, सगळं नीट घडी घालून घेऊन आल्या होत्या. आधारवर मुलाची जन्मतारीख 1 जानेवारी, म्हणजे अंदाजानं टाकलेली. गावच्या शाळेत कुणी कधी विचारलंच नव्हतं. पुण्यातल्या 1994 च्या एका हत्याकांडात फाशी सुनावलेला माणूस राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरमुळे गुन्ह्याच्या वेळी 12 वर्षांचा, म्हणजे अल्पवयीन ठरला. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं, तेव्हा तुरुंगात 28 वर्षं गेली होती. तेव्हा शाळेच्या जनरल रजिस्टरचा (विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचा) उतारा आजच मागा, अपील चालू असतानाच. माणसाला कधी मनोरुग्णालयात दाखवलं असेल तर जुना केसपेपरही शोधा; मानसिक आजार हा दयेसाठी मान्य झालेला आधार आहे. तोंडी बाजू मांडायचा हक्क राष्ट्रपतींपुढे नाही. जे आहे ते कागदावरच बोलेल.

फाशी असावी की नसावी, यावर माझ्याच घरात एकमत नाही. ज्यांची मुलगी मारली गेली त्यांच्यासमोर दयेचा शब्द काढायला जीभ रेटत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण अर्जाची फाईल कार्यालयांत पडून राहण्यानं त्यांनाही न्याय मिळत नाही. कोल्हापूरच्या दोन बहिणींची फाशी जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जावर सरकारनं सात वर्षांहून जास्त काळ घालवला. पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खून प्रकरणातही 2019 मध्ये दिरंगाईपायीच शिक्षा 35 वर्षांची झाली. चीड येते. दोन्हीकडच्या माणसांनी वर्षानुवर्षं जीव टांगणीला लावून बसायचं, आणि टिपणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची!

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वाशी, ऐरोलीकरांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्याला. खारघर, पनवेल रायगड जिल्ह्यात, त्यामुळे त्यांचं अलिबागला. हेल्पलाइन 15100.

नकार आला तर तो लेखी मागून घ्या. तो कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान 14 दिवस गेलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये ठरवून दिलं आहे. ती प्रत त्याच दिवशी वकिलाच्या हातात पोचवा.